पोटदुखीचा पट्टा

मंगळवारी दुपारी हेमलताबाई जेवायला घरी आल्या, तेव्हा केतकीने वांगं भाजून ठेवलं होतं आणि विळीवर कांदा चिरत ती बोलायचं कसं ते मनात जुळवत होती. आई बहात्तर वर्षांची, लेक चव्वेचाळीसची. वडील गेल्यापासून विश्रामबागच्या त्या दोन खोल्यांत दोघीच राहत. सांगलीत हेमलता शिरगावकरांना ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि केतकीला ओळखणारे बहुतेक लोक 'मॅडमची मुलगी' म्हणूनच ओळखत.

"कंपनीचं पत्र आलं," ताट वाढताना केतकी म्हणाली.

"कसलं गं?"

"वळणरजेचं. पंचनाम्याला आता माणूस नको म्हणे. गारपीट झाली की ड्रोन बागेत शिरतो आणि घड न् घड मोजतो. मी फक्त सही करत होते, ती पण नको."

द्राक्षबागांच्या विम्यात तिची वीस वर्षं गेली होती. नव्या कायद्याने, ज्याचं काम यंत्राने घेतलं त्याला काही महिने पगारी रजा मिळे आणि त्या मुदतीत त्याने मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडे जाऊन पुढचं काम ठरवायचं असे. तीच वळणरजा.

हेमलताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग? पुढं काय करायचं म्हणतेस?"

केतकीने पळी खाली ठेवली. "मला ना, खरं सांगू का..."

तेवढ्यात फोन वाजला.

"पाटणे आहेत," आई म्हणाली. "बिचाऱ्यांची नोकरी गेलीय. एक मिनिट हं." आणि तिने डाव्या हाताने चष्मा काढला, काचा वर करून टेबलावर ठेवला आणि डोळे अर्धवट मिटले. "बोला पाटणे. मी ऐकतेय."

ही चष्मा काढायची लकब अख्ख्या गावाला ठाऊक होती. मॅडमनी चष्मा काढला की समजावं, आता त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही. केतकीने त्या उताण्या काचांकडे पाहिलं. आपण बोलत होतो तेव्हा त्या नाकावर होत्या.

भरीत पार गार झाल्यावर आई परत ताटाकडे वळली. "हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"तूही एकदा आमच्या मार्गदर्शन केंद्रावर येऊन बस की."

"अपॉइंटमेंट घेऊन?"

"घे ना. यास्मिनला सांग, ती बघेल कधी मोकळं आहे ते."

ही थट्टा होती की आई खरंच म्हणत होती, हे केतकीला कधीच कळलं नाही. ती म्हणाली, "माझ्या पोटात काही दुखत नाही. भाकरी घेणार अजून?"

"अर्धी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाई केंद्रावर गेल्या. समोर ते पाटणेच बसले होते. बाईंनी चष्मा काढून तिपाईवर ठेवला, "बोला, मी ऐकतेय" म्हणाल्या आणि थोड्या वेळाने बसल्या जागीच गेल्या. पाटण्यांना ते कळलंच नाही. मॅडम नेहमीच इतक्या निश्चल ऐकत, की ते आपले बोलत राहिले. तेराव्याला घरी येऊन त्यांनी हे रडत रडत सांगितलं. "ताई, मी माझं सगळं आयुष्य सांगून संपवलं आणि मग वर बघितलं."

केतकीने त्यांना पाणी दिलं. सांत्वनाचे चार शब्दही ती बोलली. पण आतून एक विचार उसळी मारून वर आला, आणि त्याची तिला स्वतःलाच शरम वाटली. गेल्यानंतरसुद्धा आई ह्या माणसाच्या वाट्याला आली.

*

आईचं काम म्हणजे लोकांच्या पोटदुखीचं निदान.

मराठीत दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटातच दुखतं, काळजात किंवा डोक्यात नाही. आपल्या पूर्वजांकडे यंत्रं नव्हती, तरी जागा त्यांनी अचूक सांगितली होती. हृदयासारखाच जठराचाही एक ठोका असतो, फक्त फार संथ. मिनिटाला साधारण तीन वेळा एक मंद विद्युतलहर जठराच्या भिंतीतून वरून खाली सरकत जाते. बेंबीच्या वर त्वचेला इलेक्ट्रोड लावले की ती टिपता येते. भूक लागलेली असताना ताट समोर आलं की ही लहर जोम धरते. घाटात गाडी लागली की ती विस्कटते आणि सैरावैरा धावू लागते. हे जुनंच ज्ञान. नव्याने सापडलं ते एवढंच, की समोर ताट असावं लागत नाही. आपल्याला मनापासून हवं असलेलं काम दुसरं कोणी करताना दिसलं, तरी जठर दचकतं. माणसाच्या मनाला पत्ता नसतो, पण पोटाला असतो.

शोधणाऱ्यांनी ह्या दचकण्याला एकच नाव दिलं होतं. सांगलीतल्या हेमलता शिरगावकरांनी शेकडो आलेख मांडीवर घेऊन त्याचे दोन भाग पाडले. काही जणांची लहर जेवणाआधीसारखी उंचावते, काहींची ओकारीआधीसारखी विस्कटते. पहिल्याला त्यांनी हेवा म्हटलं, दुसऱ्याला मत्सर. "हेवा म्हणजे भूक, मत्सर म्हणजे मळमळ," असं त्या सांगत. "हेवा म्हणतो, मलाही हवं. मत्सर म्हणतो, तिलाही नको. भुकेच्या मागं जावं. मळमळीच्या मागं जाणारा माणूस दुसऱ्याच्या दुकानासमोर दुकान काढतो आणि दोघं मिळून बुडतात."

मग पट्टा आला. पोटावर बांधायचा, मऊ, वीतभर रुंद. समोर पडद्यावर माणसं आपापली कामं करताना दिसत. कोणी लेथवर दांडा फिरवतोय, कोणी पेशंटची कूस बदलतेय, कोणी सतारीचा भोपळा कोरतोय. सरकारी कागदांत पट्ट्याला लांबलचक नाव होतं. गावाने त्याला पोटदुखीचा पट्टा म्हटलं आणि तेच राहिलं.

पट्ट्याने घरोघरी उलथापालथ केली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक मिरजेत आइस्क्रीम करू लागले. त्यांची बायको केंद्रावर येऊन म्हणाली, "माझ्याकडं बघून कधी उडाला नाही यांचा आलेख. दुधाच्या कढईकडं बघून उडाला." दोघा भावांनी एकमेकांच्या शेतावर जायचं सोडलं, कारण एकाचा आलेख दुसऱ्याने वाचला होता. लग्नात एखादा मनुष्य फार ऐसपैस शर्ट घालून आला की पंगतीतले लोक कुजबुजत, आत पट्टा तर नाही ना. काही कंपन्यांना नोकरी देण्याआधी उमेदवाराला पट्टा बांधून बघायचा होता. हेमलताबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "पोट ज्याचं त्याचं," त्या म्हणाल्या.

आलेख काढण्याआधी त्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून एकच प्रश्न विचारत. "कोणाचं बघून पोटात दुखतं तुमच्या?" मग चष्मा काढत. लोक आधी हसत, मग गप्प होत आणि मग बोलू लागत. निम्म्या लोकांना पट्ट्याची गरजच पडत नसे.

हा प्रश्न त्यांनी केतकीला कधी विचारला नव्हता. घरी येईतो आईकडचे कान संपलेले असत.

एक काळ होता, तेव्हा नव्हते संपत. केतकी सात-आठ वर्षांची असताना तिच्या पोटात दुखलं की आई कामावर रजा टाके. हिंग पाण्यात कालवून तिच्या बेंबीभोवती लावी, चष्मा उशाशी ठेवी आणि तिच्या शेजारी आडवी होऊन म्हणे, "सांग, कुठं कुठं दुखतं?" तो थंड, उग्र वासाचा लेप आणि चष्म्याशिवायचा आईचा उघडा, थोडा भाबडा चेहरा. त्या वर्षी केतकीचं पोट वारंवार दुखू लागलं. एके दिवशी आई हसून म्हणाली, "खोटं दुखणं मला कळतं हं, बाळ." तिने ते प्रेमानेच म्हटलं होतं. पण त्यानंतर केतकीच्या पोटात कधी दुखलं नाही.

*

"खुर्ची घरातच राहू दे," केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष चौगुले सर महिन्याभराने म्हणाले. ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले होते आणि दुखवट्याच्या घरी पेढे कसे आणले, हे बसल्यावर ध्यानात आल्यामुळे पुडा मागे लपवत होते. "तुमचीही वळणरजा चालू आहे. प्रशिक्षणाचं आम्ही बघू. फलकावर शिरगावकर हे नाव राहिलं, तर लोक येत राहतील. नाहीतर मग जाहिरात द्यावी लागेल."

"आणि यास्मिन?"

"ती आहेच की. यंत्र सांभाळते. चांगली मुलगी आहे. पण लोकांना मॅडमचं कोणीतरी पाहिजे." ते थांबले. "तुम्ही एकदा पट्टा बांधून घ्या. म्हणजे तुमच्या मनातही शंका नको. रजेसाठी कागद लागणारच आहे."

यास्मिन मुजावर. हे नाव ऐकून ऐकून केतकीचे कान किटले होते. आधी ती एका दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडत असे. केंद्रावर सल्ल्याला आली आणि तिथेच राहिली. 'यास्मिनने आज काय प्रश्न विचारला माहितीये?' 'यास्मिनला ना, न बोललेलं ऐकू येतं.' आईच्या बोलण्यात ती भाजीत मीठ असावं तशी असे. एकदा आईने केतकीसाठी घेतलेली जांभळी शाल यास्मिनच्या अंगावर दिसली होती. "तिला थंडी वाजत होती गं," आई म्हणाली होती. केतकीला काय वाजत होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

ती केंद्रावर गेली तेव्हा दुपार होती. यास्मिनने दार उघडलं. जांभळी शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेली होती.

"या ताई. चहा टाकू? बिनसाखरेचा ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मॅडम सांगायच्या की. आमची केतकी चहात साखर घालू देत नाही म्हणायच्या. स्वतःच्याही आणि माझ्याही."

"आणखी काय काय सांगायच्या?"

यास्मिनने जरा विचार केला. "तुमच्याबद्दल? लई नाही. म्हणायच्या, तिचं मला कळत नाही. दार लावून घेते." मग तिने पटकन चहाचं भांडं उचललं. "माफ करा. बोलायला नको होतं."

"तुम्हीच बांधणार पट्टा?"

"दुसरं कोण आहे?"

आतल्या खोलीत केतकी आरामखुर्चीत टेकली. यास्मिनने हात धुतले, बेंबीभोवती पारदर्शक मलम लावलं. ते थंडगार होतं. केतकीने डोळे मिटून घेतले. हिंगाचा वास येत नव्हता, तरी आला.

"गार लागलं?"

"नाही."

"दिवे घालवते. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बघायचं. पोटाला बोलू द्यायचं."

पडद्यावर माणसं येऊ लागली. एक बाई विमानाच्या पंखाला रिव्हेट मारत होती. एक म्हातारा हळदीचं हळकुंड दातांत धरून पारखत होता. एक तरुण जमिनीवर बसून मुलांना तबला शिकवत होता. केतकी बघत राहिली. सगळी माणसं आपापल्या कामात बुडालेली, आणि तिला त्यांच्याबद्दल चांगलं वाटत होतं, एवढंच. वीस वर्षं गारांनी फुटलेली द्राक्षं बघितल्यावर माणसाला फारसं काही खुपत नाही.

मग शेवटची चित्रफीत लागली.

हेच केंद्र, बाहेरची खोली. खिडकीतून तिरपं ऊन. खुर्चीत आई. मार्गदर्शकाचं काम म्हणून आईने स्वतःचीच चित्रफीत ह्या संचात ठेवली होती, हे केतकीला माहीत नव्हतं. समोरच्या खुर्चीत पाठमोरी एक बाई. चेहरा दिसत नव्हता, पण लांब वेणी ओळखता येत होती. यास्मिन. आईने डाव्या हाताने चष्मा काढला, काचा वर करून तिपाईवर ठेवला आणि किंचित पुढे झुकून समोर पाहिलं. आवाज नव्हता. आई फक्त ऐकत होती.

केतकीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

दिवे लागले. यास्मिन आलेख बघत होती.

"सांगा," केतकी म्हणाली. "मळमळच असेल."

तिला खात्री होती. इतकी वर्षं आपण पोटात काय बाळगून आहोत हे तिला ठाऊक होतं. ते विष होतं. आता ते कागदावर उमटणार आणि नेमकं ह्याच मुलीने ते वाचायचं.

"हे बघा ताई." यास्मिनने पडदा तिच्याकडे वळवला. "इथपर्यंत सगळं सपाट. विमान सपाट, तबला सपाट. हळदीला जरा हललंय, ते भुकेल्या असाल म्हणून. आणि हे शेवटचं." रेघ एकाएकी उभी राहिली होती, मोठमोठ्या गोल लाटांनी. "सरळ दुप्पट उंची. आणि लय बघा, एक ठोका इकडं तिकडं नाही. मळमळीचा मागमूस नाही. भूक आहे ही. एवढी भूक मी कोणाच्यात बघितली नाही."

"भूक?"

"हेवा. मॅडमच्या कामाचा." यास्मिन पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. "म्हणजे झालंच की. खुर्ची तुमचीच. चौगुले सरांना कळवू?"

तिचा आवाज अगदी नीट होता. जरा जास्तच नीट.

"तुम्ही कधी बांधून बघितलात?" केतकीने विचारलं. "ही चित्रफीत बघताना?"

"मला बांधायची गरज नाही." यास्मिन हसली. "मला माहितीये मला कशाची भूक आहे ते. पण फलकावर मुजावर लिहून कोण येणार, सर म्हणतात. त्यांचंही बरोबर असेल."

केतकी उठून बसली. पोटावर अजून मलम होतं. तिने आलेखाकडे पाहिलं आणि मग थांबलेल्या पडद्याकडे, जिथे आई अजून झुकून ऐकत होती. आणि तिच्या लक्षात आलं की यंत्राने चूक केली आहे. खरं तर चूक यंत्राचीही नाही. बाकी सगळ्या चित्रफितींत जो काम करतो, त्याच्याकडेच डोळे जात. ह्या एकीतच दोन खुर्च्या होत्या. पट्ट्याला पोट कळत होतं. पोटाने दोघींपैकी कोणाच्या जागी स्वतःला बसवलं, ते कळत नव्हतं.

"मला बाहेरच्या खोलीत जायचंय," ती म्हणाली.

*

बाहेरची खोली आई गेली त्या दिवशी होती तशीच होती. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई आणि तिपाईवर चष्मा, काचा वर केलेला. काचांवर बारीक धूळ बसली होती.

"कोणी हलवला नाही?"

"हात होईना."

केतकी खुर्च्यांपाशी उभी राहिली. मग ती सल्ल्याला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ह्या खुर्चीत ती एकदाही बसली नव्हती. खुर्ची साधी, वेताची, हातांवरचा रंग लोकांच्या तळव्यांनी उडालेला.

"यास्मिन, बस तिकडे."

यास्मिनने आधी तिच्याकडे पाहिलं. आजवर ती 'तुम्ही' होती. "ताई, ती मॅडमची..."

"बस की. चौगुले सरांना मी सांगते तिथं कोण बसणार ते. मॅडमचं कोणीतरी पाहिजे ना त्यांना? मग तूच आहेस."

"आणि तुमचं काय? तुमच्या कामाचं?"

"माझं बघायला तू आहेस की. पुढच्या वेळी बोलू ते. काहीतरी निघेल." केतकीला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "आज ते नाही. आज विचार मला."

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारतात ते."

यास्मिन आईच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. मग हळूहळू मागे सरकून नीट बसली. चष्म्याला धक्का लागू नये म्हणून तिने गुडघे एका बाजूला घेतले. विचारलं तेव्हा आवाज तिचा स्वतःचा होता, त्यात आईची नक्कल नव्हती.

"कोणाचं बघून पोटात दुखतं तुमच्या, ताई?"

"तुझं," केतकी म्हणाली.

यास्मिन हलली नाही.

"तुझं. त्या पाटण्यांचं. आइस्क्रीमवाल्या प्राध्यापकाचं. इथे जो जो बसून गेला, त्याचं. मला तिची खुर्ची कधीच नको होती. मला ही हवी होती."

यास्मिनने समजूत घातली नाही, की मान हलवली नाही. ती थोडी पुढे झुकली आणि ऐकत राहिली. हिला न बोललेलंही ऐकू येतं, असं आई म्हणायची ते खरं होतं, हे केतकीला दिसलं. पोटात एक बारीक कळ आली, तिने ती येऊ दिली. कपड्यांखाली मलम वाळत आलं होतं, बेंबीभोवती कातडी ओढल्यासारखी होत होती, हिंगाचा लेप सुकताना होई तशी.

तिने तिपाईवरच्या चष्म्याकडे पाहिलं. छताचा पंखा दोन्ही काचांत सावकाश फिरत होता.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय."